सौम्य श्रवणदोष: ‘एवढ्यात मशीन नको’ म्हणण्यापूर्वी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय ६२, जिल्हा परिषदेच्या शाळेतून प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त. गेली तीन वर्षे टीव्हीचा आवाज हळूहळू वाढत गेला आहे आणि चारचौघांत बसल्या की त्या ‘काय म्हणालास?’ असे पुन्हा पुन्हा विचारतात. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, उजव्या कानाची सरासरी ३१ आणि डाव्या कानाची ३३ डेसिबल आली असून रिपोर्टवर ‘दोन्ही कानांत सौम्य श्रवणदोष’ असा शेरा आहे. वडिलांचे म्हणणे, वयोमानाने हे व्हायचेच. आईंचे म्हणणे, मशीन लावले की लोक म्हातारी म्हणतील. चाचणी झाली तिथेही ‘एवढ्यात गरज नाही, वाढले तर बघू’ असे सांगण्यात आले. तर मग थांबावे का, असे मुलाने विचारले आहे.

श्रवणतज्ज्ञ म्हणून माझे उत्तर असे की थांबू नये. मात्र ‘थांबू नये’ याचा अर्थ उद्या सकाळी दुकानात जाऊन यंत्र विकत घ्यावे, असा नाही. कारण शोधणे, अडचण नेमकी कुठे येते ते मोजणे, घरातल्यांनी बोलण्याची पद्धत बदलणे आणि गरज असेल तर यंत्र लावून पाहणे, हे सगळे मिळून उपचार होतात. यातले काहीच न करता दोष ‘वाढण्याची’ वाट पाहणे हा एकच पर्याय मला चुकीचा वाटतो, आणि तो का चुकीचा वाटतो हे जरा विस्ताराने सांगतो.

आधी त्या ३१ या आकड्याकडे पाहू. या चाचणीत वेगवेगळ्या पट्टीचा (हर्ट्‌झ) आवाज किती मोठा (डेसिबल) केल्यावर ऐकू येतो ते मोजतात; आकडा जितका मोठा, तितके ऐकणे कमी. तुम्ही पाठवलेल्या आलेखात उजव्या कानाच्या नोंदी ५०० हर्ट्‌झला १५, १००० ला २०, २००० ला ३५ आणि ४००० ला ५५ अशा आहेत. या चारांची सरासरी ३१ येते. काही ठिकाणी अजूनही पहिल्या तीनच नोंदींची सरासरी काढतात. तशी काढली तर ती २३ येते, आणि २५ पर्यंत सर्वसाधारण मानण्याच्या जुन्या पद्धतीनुसार त्याच कानाला, त्याच दिवशी ‘दोष नाही’ असा शेरा मिळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात सौम्य दोषाची सुरुवात २० डेसिबलपासून धरली, त्यामागे हेच कारण आहे की २० ते ३५ च्या टप्प्यातल्या माणसांना शांत खोलीत अडचण येत नसली तरी गोंगाटात बोलणे समजायला त्रास होतो. पण माझ्या दृष्टीने सरासरीपेक्षा महत्त्वाचा आहे तो ४००० वरचा ५५ हा आकडा. सरासरी काढल्यावर तो दिसेनासा होतो, आणि तुमच्या आईंची खरी अडचण तर तिथेच आहे.

मराठी बोलण्यातला जोर, म्हणजे आ, ओ, ऊ हे स्वर आणि म, न यांसारखे घुमणारे वर्ण, खालच्या कंप्रतेत, म्हणजे खालच्या पट्टीत, असतो. शब्दांना एकमेकांपासून वेगळे करणारे स, श, त, ख, फ, थ यांसारखे बारीक, फुसफुसणारे आवाज २००० हर्ट्‌झच्या आसपास आणि त्यापुढे असतात, आणि मुळातच क्षीण असतात. म्हणून असा आलेख असलेल्या माणसाला कोणीतरी बोलते आहे हे व्यवस्थित ऐकू येते, मात्र काय बोलते आहे ते नीट कळत नाही. ‘मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता’ हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि सांगणाऱ्याच्या बाजूने ते अगदी खरे असते.

एकदा तुमच्या आईंच्याच वयाच्या एका निवृत्त शिक्षिका चाचणीसाठी आल्या होत्या. आलेखही जवळपास असाच होता आणि त्यांनाही आपल्याला काही झाले आहे हे मान्य नव्हते. मी म्हटले, आज तुम्ही श्रुतलेखन लिहा, मी घालतो. हातातला पुठ्ठा ओठांसमोर धरून मी हळू आवाजात दहा शब्द म्हटले. त्यांनी ‘तास’ला ‘ताप’ लिहिले, ‘सून’ला ‘ऊन’ आणि ‘साठ’ला ‘आठ’. एकही स्वर चुकला नव्हता, चुकली होती ती सगळी व्यंजने. नंतर पुठ्ठा बाजूला करून त्याच आवाजात दुसरे दहा शब्द म्हटले, तेव्हा ओठ दिसत असल्यामुळे नऊ बरोबर आले. मग टेबलफॅन पूर्ण वेगाने लावला, पुठ्ठा पुन्हा समोर धरला, तेव्हा चार आले. स्वतःचाच कागद हातात घेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या. शाळेत पोरांच्या वह्यांवर मारल्या तशा लाल खुणा त्यांनी स्वतःच केल्या होत्या.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की घरोघरी एक आरोप होत असतो, ‘तिला सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.’ तुमच्या घरीही तो होत असेल. दुपारच्या शांत वेळी समोर बसून सांगितलेली गोष्ट त्यांना पहिल्या खेपेला कळते, आणि संध्याकाळी कुकरच्या शिट्टीत, नळ चालू असताना, पाठमोऱ्या उभ्या राहून सांगितलेले चार वेळा सांगूनही कळत नाही. त्यात सोय-गैरसोय काही नाही. पुठ्ठा आणि पंखा यांचाच तो खेळ आहे. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, अनेकांना आपले ऐकणे कमी झाल्याचे पहिल्यांदा जाणवले ते यामुळेच. मास्कने ओठ झाकले आणि वरचे बारीक आवाजही दाबले, तेव्हा इतकी वर्षे नकळत डोळ्यांनी चाललेले ऐकणे उघडे पडले. साध्या फोनवरही साधारण ३४०० हर्ट्‌झच्या पुढचे आवाज पोहोचत नाहीत, आणि ओठ तर दिसतच नाहीत. त्यामुळे अशी माणसे हळूहळू फोन दुसऱ्याच्या हातात द्यायला लागतात.

मला काळजी वाटते ती याच ‘हळूहळू’ची. सौम्य दोषात माणूस एकदम बहिरा होत नाही. तो आधी अंदाजाने अर्थ लावू लागतो, मग चुकीच्या जागी हसण्याची भीती बसते, मग मान डोलावून वेळ मारून नेण्याची सवय लागते. पुढे भिशीला, हळदीकुंकवाला, भजनी मंडळात जाणे कमी होते आणि त्याला कारण गुडघ्याचे किंवा दगदगीचे सांगितले जाते. ऐकताना सतत गाळलेल्या जागा भराव्या लागत असल्याने डोके थकते. लग्नकार्याहून आल्यावर ‘आज नुसतं कलकलतंय’ म्हणून आडवे होणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. माझ्याकडे जे लोक पहिली तक्रार सुरू झाल्यावर सात-आठ वर्षांनी येतात, त्यांचा आलेख बऱ्याचदा फारसा बिघडलेला नसतो, बिघडलेले असते ते त्यांचे गणगोत. बोलणे सोडून दिलेल्या माणसाला यंत्र लावून ऐकू आणता येते, पण सुटलेली माणसे यंत्राने परत येत नाहीत.

शरीराच्या बाजूनेही वाट पाहण्यात फायदा नाही. अंतर्कर्णातल्या शंखाकृती भागात ज्या सूक्ष्म केसपेशी आवाजाचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात, त्या माणसात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. वाढत्या वयात शंखाच्या दाराशी असलेल्या, म्हणजे वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. दुसरा मुद्दा मेंदूचा. दोन्ही कानांत दोष असताना एकाच कानाला यंत्र लावलेल्या माणसांच्या मोकळ्या कानाची शब्द ओळखण्याची क्षमता कालांतराने घटू शकते, हे १९८४ पासून नोंदवले गेले आहे. सगळ्यांच्या बाबतीत ते घडत नाही, पण जे आवाज वर्षानुवर्षे पोहोचतच नाहीत ते ओळखण्याचा मेंदूचा सराव कमी होतो, हे त्यातून कळते. तुमच्या आईंचा सराव अजून शाबूत आहे. ‘स’ कसा असतो हे त्यांच्या मेंदूला आठवते आहे, तोवर तो परत ऐकवणे सोपे आहे.

स्मृतिभ्रंशाबद्दल सध्या बरेच काही फिरते आहे आणि त्यातले काही लोकांना घाबरवून यंत्र विकण्यासाठी असते, म्हणून जे माहीत आहे ते तोलून सांगतो. अमेरिकेत बाल्टिमोर येथे चाललेल्या दीर्घकालीन पाहणीतून २०११ मध्ये असे दिसले की सौम्य श्रवणदोष असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट, मध्यम दोषात तिप्पट आणि तीव्र दोषात पाचपट होता. हा संबंध आहे. एकामुळे दुसरे होतेच असा पुरावा नव्हे. त्यापुढची पायरी म्हणून अमेरिकेतच ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींवर तीन वर्षांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा एकत्र हिशेब धरला तर श्रवणयंत्र व समुपदेशन मिळालेला गट आणि न मिळालेला गट यांच्या बौद्धिक घसरणीत फरक आढळला नाही. मात्र ज्यांचा धोका आधीच जास्त होता, जे वयाने मोठे होते आणि ज्यांना रक्तदाब, मधुमेह यांसारखे आजार अधिक होते, त्यांच्यात ही घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. तेव्हा ‘मशीन लावले नाही तर विसरभोळ्या व्हाल’ असे आईंना कोणी सांगत असेल तर ते योग्य नाही. त्या आज जे गमावत आहेत, ते परत मिळवण्यासाठी उपचार करावेत. मेंदूला त्याचा लाभ झाला तर तो वरकड लाभ समजावा.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात कानामागच्या हाडातून आवाज पाठवून घेतलेल्या चाचणीच्या खुणा नाहीत, आणि त्यांच्याशिवाय दोष मधल्या कानाचा की आतल्या, हे सांगता येत नाही. म्हणून पहिली पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञांची. साचलेला मळ, पडद्याचे छिद्र, मधल्या कानातले पाणी, कानातले हाड जखडणे यांनीही सौम्य दोष येतो, आणि त्यातले बरेचसे औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारते. मळ काढून झाल्यावर सरासरी दहा-पंधरा डेसिबलने उतरली आणि यंत्राचा विषयच संपला, असेही होते. घरी लसणाचे कोमट तेल घालणे आणि काडीने कान कोरणे दोन्ही बंद करायला सांगा. काडीने मळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो आणि तेलाने पडद्याला छिद्र असलेल्या कानात जंतुसंसर्ग होऊ शकतो. डॉक्टरांना आईंच्या सगळ्या गोळ्या दाखवा, साखर आणि थायरॉइड तपासलेले नसेल तर तपासा, आणि पूर्वी क्षयरोगासाठी किंवा मोठ्या जंतुसंसर्गासाठी इंजेक्शनांचा कोर्स झाला असेल तर तोही सांगा, कारण स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधे कानावर परिणाम करू शकतात.

दोन परिस्थितींत मात्र इतक्या सावकाशीने चालत नाही. एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकणे एकदम कमी झाले, तर ‘सर्दीने दडा बसला असेल’ म्हणून आठवडा काढू नये. त्यावरचे स्टेरॉइड उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो, त्यामुळे त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठावे. आणि दोन कानांच्या आलेखांत ठळक फरक असेल, किंवा एकाच कानात सतत आवाज येत असेल, तर श्रवणाच्या मज्जातंतूवर गाठ नाही ना याची एमआरआयने खात्री करून घ्यावी लागते. तुमच्या आईंचे दोन्ही कान सारखे आहेत, म्हणून ती चिंता इथे दिसत नाही.

हे सगळे पाहून दोष आतल्या कानाचाच निघाला, तर मी गोंगाटातल्या शब्दओळखीची चाचणी, मराठी शब्दांनी, आवर्जून करून घेईन. ज्यांचा आलेख सौम्य आहे, गोंगाटातही ज्यांना नीट कळते आणि ज्यांची स्वतःची काही तक्रार नाही, अशांना मी यंत्र सुचवत नाही. वर्षातून एकदा चाचणी करा एवढेच सांगतो. पण तुमच्या आईंना तीन वर्षांपासून अडचण आहे आणि त्या वारंवार विचारत आहेत, म्हणून त्यांना यंत्र लावून पाहण्याचा सल्ला मी देईन, आणि तोही दोन्ही कानांना.

सौम्य दोषात यंत्र लवकर लावण्याचा सर्वांत व्यावहारिक फायदा सवयीचा आहे. बासष्टीच्या माणसाच्या बोटांना बारीक वस्तू हाताळता येते, मोबाइलवरून आवाज कमी-जास्त करणे जमते, नवे शिकण्याची उमेद असते. तेच यंत्र ७८ व्या वर्षी, थरथरत्या हातांनी आणि पंधरा वर्षांच्या शांततेनंतर पहिल्यांदा कानात गेले की जगाचा आवाज असह्य होतो आणि आठवड्याभरात ते डबीत घालून कपाटात ठेवले जाते. अशी कपाटे महाराष्ट्रात घराघरांत आहेत, आणि ‘मशीनचा काही उपयोग नाही’ हे मत त्यांतूनच पसरले आहे. शिवाय आईंच्या आलेखाला कान पूर्ण बुजवणारा साचा लागत नाही. कानामागे राहणारे लहान यंत्र, बारीक तार आणि टोकाला सच्छिद्र मऊ टोपी एवढे पुरते. खालच्या पट्टीचे आवाज त्यांना नैसर्गिकरीत्या ऐकू येत राहतात, यंत्र फक्त वरचे आवाज भरते, आणि स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटण्याची तक्रारही फारशी राहत नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांना पिशवीचा चुरचुराट, भांड्यांचा खणखणाट आणि स्वतःच्या साडीची सळसळ विचित्र वाटेल. घाबरू नये, हे आवाज नवे नाहीत, ते काही वर्षांनी भेटत आहेत. सुरुवातीला आवाज थोडा कमी ठेवून काही आठवड्यांत तो पूर्ण पातळीवर नेतात. यंत्र कानात असताना पडद्याजवळ पोहोचणारा आवाज प्रत्यक्ष मोजून जुळवणी करून मिळेल असे ठिकाण निवडा, आणि समोरची व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली श्रवणतज्ज्ञ आहे ना, हे निःसंकोच विचारा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ अशा शिकवणाऱ्या संस्थांत तपासणी सावकाशीने होते, एक दिवस मोडला तरी तो वाया जात नाही. पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचे, एवढी एक शिस्त लावली की कोकणातल्या दमट हवेतही ते टिकते.

प्रमाणपत्राचीही विचारणा अनेक जण करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकू कमी येणारी’ व्यक्ती म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास असलेली व्यक्ती, अशी व्याख्या आहे. साहजिकच आईंना प्रमाणपत्र मिळणार नाही. पण सवलतीची रेषा आणि उपचारांची रेषा एक नव्हे. ‘सर्टिफिकेट बसत नाही, म्हणजे काही झालेले नाही’ असे वडील म्हणाले तर त्यांना हे समजावून सांगा.

घरात लहान मूल असेल तर एवढे लक्षात ठेवा की मुलांच्या बाबतीत माझे उत्तर याहून कडक असते. मोठ्या माणसाला भाषा आधीच येत असल्यामुळे तो गाळलेली जागा भरू शकतो; भाषा शिकणाऱ्या मुलाजवळ भरायला काही नसते. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचून महिनोन्‌महिने राहिलेला वीस-तीस डेसिबलचा दोषही वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला ‘लक्ष न देणारा’ ठरवून टाकतो.

यंत्र येईपर्यंत आणि आल्यानंतरही घरातल्यांना करण्यासारखे बरेच आहे. ओरडून बोलू नका. ओरडल्याने स्वर फुगतात, हरवलेली व्यंजने तशीच राहतात आणि चेहरा मात्र रागावलेला दिसतो. आधी ‘आई’ अशी हाक मारा, त्यांनी वळून पाहिले की समोरून, एरवीच्या आवाजात, किंचित सावकाश बोला. जेवताना त्यांची जागा अशी ठेवा की सगळ्यांचे चेहरे दिसतील आणि स्वयंपाकघर पाठीशी येईल. ‘काही नाही, जाऊ दे’ हे वाक्य घरातून बंद करा, कारण चौथ्यांदा विचारणाऱ्या माणसाच्या मनाला त्याहून जास्त काही लागत नाही.

आणि चाचणीच्या आधी आठवडाभर त्यांना एक वही द्या. कुठे, कोणाशी बोलताना, काय निसटले हे त्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवायचे, मग तो भाजीवालीने सांगितलेला भाव असो, नातीचा फोन असो वा बँकेच्या काचेपलीकडची बाई असो. यंत्राची जुळवणी करताना मी त्या वहीतले चार प्रसंग निवडून घेतो आणि सहा आठवड्यांनी तीच वही उघडून प्रत्येक प्रसंगापुढे किती फरक पडला ते विचारतो. चारांपैकी दोनातही फरक पडला नसेल, तर आधी जुळवणी बदलायची, आणि तरीही जमले नाही तर ते यंत्र परत करायचे. म्हणून यंत्र वापरून पाहून परत करण्याचा काळ पैसे भरण्यापूर्वीच लेखी घ्या. ही वही तुम्ही किंवा वडिलांनी भरू नये, आईंनीच आपल्या अक्षरात भरावी.